आभार न मिळालेली मतं

१

कर्नल थेरॉन ब्लेकली पहिल्यांदा निवडून आले त्याच दिवशी, दुपारी दोनच्या आत, आमच्या ऑफिसातल्या लोखंडी पेटीतून एक कागद नाहीसा झाला. पुढे ते विधानसभेतून वॉशिंग्टनला गेले, सिनेटर झाले, शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर धडा आला. त्या धड्यात हा कागद नाही. मी एनॉक स्टाइल्स, त्यांचा वकिलीतला भागीदार. अकरा वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसलो, तेव्हा धड्यात जे नाही ते मीच लिहिलेलं बरं.

कागद एका पानाचा होता. आपल्या पश्चात आपली गुलाम डॉर्कस स्वतंत्र व्हावी, असं म्हाताऱ्या एसा प्रुइटने त्यात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. एक पाद्रीबाबांची, ते पटकीत गेले. दुसरी कर्नलची. म्हातारा जुलैत वारला. मतदानाच्या पुढच्या सोमवारी काउंटी कोर्ट भरणार होतं. तिथे कर्नलनी कागद ठेवायचा, ही सही माझीच म्हणून शपथेवर सांगायचं, की डॉर्कस मोकळी. नदीपलीकडे इंडियानात, जिथे गुलामगिरी नव्हती, तिचा नवरा आयझॅक पिंपं बनवायचा. तो स्वतंत्र होता आणि त्याने दोन खोल्यांचं घर बांधून तयार ठेवलं होतं.

कागद नसला तर डॉर्कस म्हाताऱ्याच्या पुतण्याची, लिसँडर प्रुइटची मालमत्ता होणार होती. लिसँडरने गुलामांच्या दलालाशी बोलणी केव्हाच सुरू केली होती. तो तिला बोटीत घालून खाली कापसाच्या मुलखात विकणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

ऑगस्टमधला पहिला सोमवार, मतदानाचा दिवस. चौकात दोन मोठ्या कढयांमध्ये बर्गू रटरटत होता, म्हणजे खारीच्या मांसापासून मेंढीच्या मांसापर्यंत सगळं एकत्र शिजवलेला रस्सा. मी मत दिलं, वाडगाभर जेवलो, ओळखीच्यांशी गप्पा मारल्या आणि दोनला ऑफिसात परत आलो. कसलासा करारनामा ठेवायला पेटी उघडली तर प्रुइटच्या कागदांचं पुडकं फीत बांधून जागेवर होतं, पण हलकं लागलं. आत मुक्तिपत्र नव्हतं. कुलपाला ओरखडासुद्धा नव्हता.

मी मागच्या जिन्याने धावत खाली गेलो. खाली मिसेस सबायना क्रू यांचं टोप्यांचं दुकान, मागे त्यांचं स्वयंपाकघर. इमारतही त्यांचीच. कोर्टाच्या दिवसापर्यंत डॉर्कस त्यांच्याकडे कामाला होती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ती टोपलीभर शेंगा निवडत होती.

"बाई, वर कोण गेलं होतं?" मी मिसेस क्रूंना विचारलं.

"पुढून कुणीच नाही. मी दुकानातच होते, आज रिबिनींना नुसता उठाव आहे. दोन्ही पक्षांचे रंग खपतायत."

"आणि मागून?"

"मागे कुणी नव्हतंच. काय झालं तरी काय? चेहरा का असा?"

मी सांगितलं. डॉर्कसने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. हातातली शेंग तिने तशीच धरून ठेवली होती. मला तिची इतकी दया आली की तिच्याकडे बघवेना.

पेटीच्या किल्ल्या दोन. एकीचे मालक सकाळपासून सगळ्या काउंटीसमोर खुर्चीवर बसले होते. दुसरी माझ्या घड्याळाच्या साखळीला होती.

२

आमच्याकडे तेव्हा मत तोंडाने द्यायचं. कोर्टाच्या ओसरीवर टेबल, टेबलावर मतवही. माणूस वर चढायचा, आपलं नाव सांगायचा आणि कुणाला मत ते सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणायचा. कारकून ते क्रमांक घालून लिहायचा. दोन्ही उमेदवार टेबलामागे खुर्च्या टाकून दिवसभर बसायचे. आपलं मत पडलं की उमेदवाराने उठायचं, किंचित वाकायचं आणि त्या माणसाचं नाव घेऊन आभार मानायचे. तो शेतमजूर असो नाहीतर जज्ज. हा मान चुकला तर माणसं पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवत.

त्या दिवशी कर्नलच्या शेजारच्या खुर्चीत डॉक्टर फेन होते. सगळं ऑफिस उलथंपालथं करून झाल्यावर, संध्याकाळी पाच वाजता मी ओसरीच्या कठड्याशी जाऊन कर्नलच्या कानात बातमी घातली. त्यांचा चेहरा पडला. असा पडलेला चेहरा मी ज्यूरीपुढेही पाहिला नव्हता.

"गावभर करू नकोस," ते म्हणाले. "तूच शोध. शेरीफला यातलं काही कळत नाही, आणि मला तुझ्याशिवाय भरवसा कुणाचा आहे?"

ते अठ्ठावीस मतांनी निवडून आले. रात्री बँड वाजला आणि मंगळवारी मी कामाला लागलो.

पहिला संशय टॉलिव्हरवर. हा आमचा नकलनवीस. अक्षर मोत्यासारखं, पण व्हिस्कीपुढे दम नाही. इतर कागदांच्या नकला करताना पेटी त्याच्यासमोर उघडी असायची.

"किल्लीचा साचा? मी?" टॉलिव्हर हसला. "वकीलसाहेब, सोमवारी दुपारी मला माझे बूटसुद्धा सापडत नव्हते. विचारा खानावळीत. दोन्ही उमेदवारांनी पाजली, मी दोघांनाही नाराज केलं नाही."

मी खानावळीत विचारलं. अकरापासून चारपर्यंत तो बाकाखाली पडून होता. दोघं त्याच्यावर पाय ठेवून बसले होते.

मग लिसँडर प्रुइट. हेतू म्हटला तर त्याचाच. पण ड्राय फोर्क भागातली सगळी पुरुष मंडळी गाड्या जुंपून त्याच्याबरोबर आली होती, आणि तो सकाळपासून त्यांच्यात, चौकातल्या झाडाखाली बसून होता. शंभर माणसांनी पाहिलं होतं.

"मला कशाला चोरायला हवंय, स्टाइल्स?" तो पीच कापत म्हणाला. "काकांना म्हातारपणी दयेचा पाझर फुटला होता खरा, पण तसा कागद त्यांनी केलाच नसेल. तुम्हीच काहीतरी बनवलं असेल आणि आता कोर्टाची धास्ती घेतली असेल. गावात काय बोलतात ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. किल्ल्या दोन, कर्नल खुर्चीवर, उरलं कोण? मला किती मिळाले याबद्दल पैजा लागल्या होत्या. मिसेस क्रूंनी बुधवारी सकाळी नेहमीची कॉफी वर पाठवली नाही.

तीन दिवसांत मी एकवीस जणांना विचारलं. त्या दिवशी कर्नल जागेवर होते का, हेही विचारलं, कारण वकिलाने दोन्ही किल्ल्यांचा माग काढायचा असतो. सगळ्यांचं उत्तर एकच. मतवहीचे कारकून मिस्टर पेटीग्रू तर माझ्यावर डाफरलेच.

"अहो, दिवसभर होते. त्यांची टोपी होती ना खुर्चीवर."

मी वाक्य लिहून घेतलं आणि पुढच्या माणसाकडे गेलो. त्यात काय आहे ते मला गुरुवारी दुपारपर्यंत दिसलं नाही.

३

गुरुवारी जॉब हस्किन्स नावाचा एक शेतकरी ऑफिसात आला. कुंपणाचा दावा आमच्याकडून काढून घ्यायचा म्हणाला.

"का हो? दावा तर जिंकत आलाय."

"जिंकला काय अन् हारला काय. ज्याला मी मत दिलं त्यानं माझं नावबी घेतलं नाही. माझ्या बापानं आजवर ह्या ओसरीवर बारा मतं दिली, दर खेपेला उमेदवार उठला. मी म्हणलो, हस्किन्स, कर्नल ब्लेकली. मोठ्यानं म्हणलो. अन् समोर काय, तर रिकामी खुर्ची. तिच्यावर टोपी. टोपीचे उपकार मानू का मी?"

"कर्नल नव्हते?"

"माझ्या म्होरं तरी नव्हते. माझ्या मागनं माझा मेव्हणा होता, त्याचीबी तीच गत. बायको तवापासून हसतीये, म्हणती टोपीला निवडून आणलंत."

मी त्याला बसवलं, थंड ताक दिलं, दावा काढू नका म्हणून विनवलं. तो गेल्यावर मी पेटीग्रूंचं वाक्य काढून पुन्हा वाचलं. आमच्याकडे खुर्चीवर टोपी ठेवली की माणूस तिथेच आहे असं धरतात. खानावळीत, चर्चमध्ये, आगबोटीवर, कुठेही. त्या जागेला कुणी हात लावत नाही आणि माणूस नव्हता असं म्हणतही नाही. पेटीग्रू खोटं बोलले नव्हते. त्यांनी टोपी पाहिली आणि कर्नल मोजले.

मी तसाच उठून मतवही बघायला गेलो.

४

माझं स्वतःचं मत दोनशे तिसरं होतं. कर्नल उठून वाकले होते, "आभारी आहे, मिस्टर स्टाइल्स," म्हणाले होते. त्याला नुकता एक वाजून गेला होता. सगळी वही उतरवून घेतली आणि तिथून खालच्या एकेका नावामागे शुक्रवार-शनिवार घोड्यावर घालवले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. तुम्ही मत दिलंत तेव्हा कर्नल उठले का?

असा प्रश्न दुसऱ्या कुठल्या मुलखात विचारला असता तर लोक खांदे उडवून मोकळे झाले असते. आमच्या माणसांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवणार नाही, पण हे आठवतं. दोनशे नऊ म्हणाला, उठले, माझ्या आईची चौकशीही केली. दोनशे दहापासून पुढे फेनना मत देणाऱ्यांनी लक्ष दिलं नव्हतं, पण कर्नलना मत देणारे आठही जण रागावलेले होते. एकाने तर मला दारातच उभं केलं. दोनशे चोवीसला कर्नल पुन्हा उठले होते. घाम पुसत होते, असं तो माणूस म्हणाला.

दोनशे दहा ते दोनशे तेवीस. चौदा माणसं, म्हणजे वीसेक मिनिटं. ओसरीच्या खुर्च्यांमागे कोर्टाचं दार, कोर्टाच्या मागे बोळ, आणि बोळ आमच्या मागच्या जिन्याशी येतो.

पण का? ज्या कर्नलनी गुलामांच्या बाजाराविरुद्ध भाषणं केली, ज्यांनी म्हाताऱ्याला हा कागद करायला लावला, ते त्याला हात का लावतील? शनिवारी संध्याकाळी मी मतवहीची नक्कल पुन्हा समोर घेतली. दोनशे पंचविसावं नाव फेनच्या एका माणसाचं होतं. दोनशे सव्विसावं लिसँडर प्रुइटचं.

त्याच्याखाली ड्राय फोर्कची माणसं ओळीने होती, एकामागून एक, मध्ये परका एकही नाही. प्रुइट धरून अडतीस. सगळ्यांची मतं कर्नलना. आणि त्याच्या आधी, सकाळपासून, ड्राय फोर्कचं एकही मत नव्हतं. माणसं आठ वाजल्यापासून झाडाखाली बर्गू खात बसली होती. ती कशाची तरी वाट बघत होती.

५

रविवारी चर्च सुटल्यावर मी कर्नलच्या घरी गेलो. ते पानात हॅम वाढून घेत होते. मी नक्कल त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि चौदा नावांवर बोट ठेवलं, मग अडतीस नावांवर.

त्यांनी बराच वेळ वाचलं. नाकारलं नाही, हे त्यांच्या बाजूने मला लिहायला हवं.

"एक वाजता मी दहाने मागे होतो, एनॉक," ते म्हणाले. "मतं तोंडाने देतात, आकडे सगळ्यांना दिसत असतात. लिसँडर कठड्याशी आला आणि म्हणाला, माझी अडतीस आहेत, कुणाला देऊ सांगा. तू काय केलं असतंस?"

"मी उमेदवार नव्हतो."

"तेच. तुला सोवळं राहायला परवडतं. मी राजधानीत गेलो तर हा सगळा बाजार बंद करण्याचं बिल मांडू शकतो. एका बाईसाठी हजार बायका सोडायच्या?"

"त्या बाईने तुमच्यावर विश्वास टाकला होता."

"लिसँडरने टाकला नव्हता, म्हणून तर कागद आधी आणून दाखवावा लागला. अडतीसावं मत पडल्यावरही मी दिला नाही. मतदान संपलं, मग सात वाजता हातात दिला." हे ते जरा अभिमानाने म्हणाले, चोख व्यवहार केल्यासारखं.

"सातपर्यंत कुठे होता?"

"कोटाच्या खिशात."

म्हणजे पाच वाजता मी त्यांच्या कानात बोललो तेव्हा कागद माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता.

"उद्या तुम्ही साक्षीदार आहात," मी म्हणालो. "कागद गेला तरी तुमची शपथ आहे. मजकूर काय होता ते सांगा. जज्ज ऐकतील. अजून वेळ गेलेली नाही."

"उद्या बघू," कर्नल म्हणाले, आणि त्यांनी हॅमचा तुकडा तोडला.

६

सोमवारी कोर्ट खच्चून भरलं होतं. कर्नल शपथेवर उभे राहिले. एसा प्रुइटने काहीतरी कागद केला होता, त्यावर आपण सही केली होती, एवढं त्यांना आठवत होतं. मजकूर? इतकी वर्षं झाली, किती कागद डोळ्यांखालून जातात. ईश्वरासमोर खोटं कसं बोलू?

मग मी उठलो. भागीदाराविरुद्ध भर कोर्टात उभा राहिलो, मतवही मागवली, दोनशे दहा ते दोनशे तेवीस वाचून दाखवले, हस्किन्सला उभं केलं, आणि ड्राय फोर्कच्या अडतीस नावांचा अर्थ सांगितला. कागदाचा मजकूर आणि कर्नलची रविवारची कबुलीही सांगितली, पण कागदावर सही माझी नव्हती, कबुली ऐकणारा मी एकटाच, आणि गावाच्या मते चोरही मीच. इतकं नेटकं काम मी आयुष्यात पुन्हा केलं नाही.

"कर्नल," जज्जसाहेबांनी विचारलं, "ही चौदा मतं पडत होती तेव्हा आपण कुठे होतात?"

"बर्गू जरा जास्त झाला होता, जज्जसाहेब. परसाकडे गेलो होतो."

कोर्ट दोन मिनिटं हसत होतं. लिसँडर डोळे पुसत होता. जज्ज म्हणाले की, आभार न मानणं हा असभ्यपणा आहे, चोरी नव्हे. कर्नलना जिन्यावर जाताना पाहिलेला कुणी आहे का? कुणी नव्हतं. डॉर्कस लिसँडर प्रुइटची ठरली. दलालाची बोट बुधवारी होती, तोपर्यंत तिला तुरुंगात ठेवलं.

मी तिला भेटायला गेलो. आपण तिच्यासाठी किती झटलो ते तिला कळावं असं मला वाटत होतं, हे आता कबूल करतो. गजांच्या बाहेर उभं राहून मी सगळा तर्क सांगितला. टोपी, चौदा माणसं, बोळ, जिना.

"शेवटी कर्नलच निघाले," मी म्हणालो.

"मला ठाऊक आहे," डॉर्कस म्हणाली. "माझ्या अंगावरून गेले ते. मी पायरीवरून उठून वाट दिली. बोडके होते, घामाघूम. खाली येताना कागद घडी करून आतल्या खिशात घातला आणि मला म्हणाले, काळजी करू नकोस. मला वाटलं, कोर्टात द्यायला नेतायत. ते माझे वकील होते."

"मग मी दोन वाजता खाली आलो तेव्हा..."

"तेव्हा तुम्ही म्हणालात, चोरीला गेला. तेव्हा मला कळलं. मी थांबले, म्हटलं आता मला विचारतील. तुम्ही बाईंना विचारलंत. बाई म्हणाल्या, मागे कुणी नव्हतं. मी तिथंच बसले होते, वकीलसाहेब. तुमचा बूट माझ्या टोपलीला लागत होता."

"तू बोलली का नाहीस?"

"निवडणुकीच्या दिवशी, भर चौकात, मी म्हणायचं की कर्नल चोर आहेत? फटके पडले असते. पण तुम्ही हळूच विचारलं असतंत तर सांगितलं असतं. दुसऱ्या दिवशीही सांगितलं असतं. तुम्ही टॉलिव्हरला विचारलंत. कुंपणवाल्यांना विचारलंत. गावभर हिंडलात."

आमच्या राज्यात काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे. जिची साक्ष लिहून घेता येत नाही तिला विचारायचं कशाला, ही माझ्या धंद्याची सवय. पण दोन ते सात, पाच तास कागद त्या खिशात होता. साक्ष नको होती, नुसतं एक वाक्य हवं होतं. मतदान चालू असताना ओसरीवर चढून मी कोटाला हात घातला असता तर कर्नलना तो सर्वांसमोर बाहेर काढावा लागला असता. मी हे तिला बोललो नाही. ते तिने माझ्याआधीच ओळखलेलं होतं.

"आयझॅकला सांगा," ती म्हणाली. "त्याला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

तेवढं मी केलं. मंगळवारी नावेने पलीकडे गेलो. आयझॅक अंगणात पिंपाला लोखंडी कडं ठोकत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, कर्नलचं नाव, टोपी, मतवही. दाराशी नवीन लाकडाची दोन पायऱ्यांची शिडी होती, अजून रंग दिलेला नव्हता.

"भर दुपारी?" त्याने विचारलं. "एवढं गाव जमलेलं असताना? त्यांना जाताना कुणीच पाहिलं नाही?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता.

"नाही," मी म्हणालो. "कुणीच नाही."

त्याने हातोडा खाली ठेवला आणि बुधवारची बोट किती वाजता सुटते ते विचारलं. मी सांगितलं, नऊला.